बियाणं आधी घरात, मग राब भाजायचा

डॉक्टरांनी दादासाठी ‘आता बोन मॅरो ट्रान्सप्लांट’, म्हणजे हाडांतल्या मगजाचं प्रत्यारोपण, असं सांगितलं त्या रात्री आमच्या घरातला फोन थांबला नाही. गावाहून काकांनी विचारलं, “मगज कुणाचा लागणार? माझा चालत असेल तर उद्याच्या गाडीने निघतो.” चुलतभाऊ तयार, वहिनीचा भाऊ तयार. आई म्हणाली, माझं वय झालंय, पण हाडं अजून घट्ट आहेत, माझा घ्या. दादाचा लिम्फोमा हा कॅन्सर पहिल्या उपचारानंतर सव्वा वर्षाने परत आला होता. प्रत्यारोपण म्हटल्यावर आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खाटा आल्या.

त्यातलं काहीच घडलं नाही. मगज दादाचाच वापरला, तोही हाडात सुई न घालता, हाताच्या शिरेतून काढून. कापाकापी झाली नाही. आणि ज्या पेशी त्याला ‘बसवल्या’, त्यांनी कॅन्सर मारलाच नाही. हे शेवटचं वाक्य समजायला मला दोन महिने लागले. ते समजल्यावर बाकीचं सगळं आपोआप उलगडलं, म्हणून तेच नीट सांगायचा प्रयत्न करते.

आजार कसला आहे

रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये लिम्फोसाइट नावाची एक जात आहे. शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखणं आणि त्यांच्याशी लढणं हे तिचं काम. मान, काख, जांघ इथल्या लसिका गाठी आणि प्लीहा हे तिचे अड्डे. यातल्या एखाद्या पेशीचा ताळतंत्र सुटला आणि ती बेसुमार वाढू लागली की त्याला लिम्फोमा म्हणतात. त्याची हॉजकिन आणि नॉन-हॉजकिन अशी दोन घराणी आहेत आणि नॉन-हॉजकिनचे कितीतरी पोटप्रकार. पण घरच्या माणसाला जास्त कामाची वाटणी वेगळी आहे: संथ की आक्रमक. आक्रमक प्रकार आठवड्यागणिक वाढतो. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, म्हणजे फाइलवर लिहिलेला डीएलबीसीएल.

आक्रमक हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो. इथे मात्र एक उलटा न्याय आहे. केमोची बरीचशी औषधं विभाजन होत असलेल्या पेशीवर घाव घालतात, त्यामुळे भराभर वाढणारा लिम्फोमा त्यांच्या तडाख्यात जास्त सापडतो आणि मुळासकट बरा होऊ शकतो. संथ लिम्फोमा वर्षानुवर्षं त्रास न देता राहतो, पण पूर्ण निघून जाणं त्याला सहसा जमत नाही.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगते, कारण आमचे तीन महिने तिच्यात गेले. मानेत न दुखणारी गाठ, संध्याकाळी ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, वजन उतरणं ही लिम्फोमाची लक्षणं आहेत आणि गाठीच्या टीबीचीही हीच. आपल्याकडे टीबी जास्त, म्हणून कित्येकदा तपासणी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात. दादालाही सुरू झाल्या. गाठ वाढतच राहिली. सुईने थोड्या पेशी काढून केलेल्या तपासणीत लिम्फोमा निसटू शकतो. शक्य असेल तिथे पूर्ण गाठ काढून बायोप्सी करणं हा खरा मार्ग. गोळ्या चालू असूनही गाठ कमी होत नसेल तर बायोप्सीचा आग्रह धरा, भीड बाळगू नका.

डीएलबीसीएलचं निदान झालं की पहिला उपचार बहुतेकांना एकच असतो, आर-चॉप. चार औषधं आणि एक अँटीबॉडी अशा पाच नावांची आद्याक्षरं जोडून हे नाव झालं आहे. दर २१ दिवसांनी एक, असे साधारण सहा डोस. डीएलबीसीएलच्या दहा रुग्णांपैकी सुमारे सहा जण एवढ्यावर बरे होतात, आणि त्यांना प्रत्यारोपणाची गरज पडत नाही. प्रश्न उरतो तो ज्यांच्यात आजार हटत नाही किंवा हटून परत येतो त्यांचा.

मग डोस वाढवत का नाहीत?

काकांनी हेच विचारलं होतं. औषध लागू पडत होतं ना, मग दुप्पट-चौपट द्या. प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि प्रत्यारोपण हेच त्याचं उत्तर आहे.

लिम्फोमासारखीच भराभर विभागणारी आणखी एक जागा शरीरात आहे: हाडांच्या पोकळीतला मगज, म्हणजे अस्थिमज्जा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं सगळं रक्त तिथे तयार होतं, आणि त्या सगळ्यांची आई म्हणजे स्टेम सेल, मूळपेशी. केमो तिलाही मारते. नेहमीच्या डोसात मगज काही दिवस मरगळतो आणि तीन आठवड्यांत सावरतो, दोन डोसांमधलं अंतर त्यासाठीच. डोस खूप वाढवला तर मगज उठतच नाही किंवा उठायला इतका वेळ लावतो की माणूस जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने जातो. म्हणजे कॅन्सर मारायला लागेल तेवढं औषध उपलब्ध असतं, पण मगज आड येतो.

आमच्या कोकणात पावसाळ्याआधी राब भाजतात. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, टहाळं, पालापाचोळा, गवत पसरायचं, वर थोडी माती टाकायची आणि पेटवून द्यायचं. जमिनीतलं तणाचं बी जळून जातं. मग पाऊस लागताना तिथे पेरणी. पण भाताचं बी त्या वेळी जमिनीत असेल तर आग काही त्याला ओळखून सोडणार नाही. ते बियाणं घरात मुडीत बांधून ठेवलेलं असतं, म्हणूनच शेतकरी निर्धास्तपणे काडी लावतो.

समजावून सांगायला बसलेल्या डॉक्टरीणबाई घाटावरच्या होत्या, त्यांना राब माहीत नव्हता. पण मी हे बोलल्यावर त्या म्हणाल्या, अगदी हेच. आधी रुग्णाच्या स्टेम सेल बाहेर काढून गोठवायच्या. मग एरवी देताच येणार नाही इतक्या मोठ्या डोसाची केमो द्यायची. कॅन्सर मारायचं काम तीच करते. मगजही जळतो. मग राखून ठेवलेलं बियाणं परत सोडायचं. याला ऑटोलॉगस म्हणजे स्वतःच्याच पेशींचं प्रत्यारोपण म्हणतात. काही डॉक्टर ‘स्टेम सेल रेस्क्यू’ म्हणतात, आणि मला तेच नाव जास्त खरं वाटतं.

या कल्पनेमागे मोठा इतिहास आहे. १९४२ साली अमेरिकेतल्या येल इथे लिम्फोमाच्या एका रुग्णाला युद्धातल्या मस्टर्ड वायूच्या जातीचं रसायन शिरेतून दिलं गेलं. गाठी काही दिवसांत विरघळल्या. पण रक्तपेशीही कोसळल्या, आणि आजार परत आला. केमोथेरपीची ही सुरुवात, आणि मगजाची अडचणही त्याच रुग्णात दिसली. आज प्रत्यारोपणाआधी देतात ते मेल्फॅलान हे औषध त्याच मस्टर्डच्या कुळातलं आहे. पुढे डोनॉल थॉमस यांनी माणसाला दुसऱ्याचा मगज देण्याचे पहिले प्रयोग १९५७ मध्ये प्रसिद्ध केले, आणि १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी हे काम सुरू केलं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी ते केलं, हे वाचल्यावर मला थोडा धीर आला होता. टाटाचं प्रत्यारोपणाचं युनिट आता खारघरच्या ॲक्ट्रेक या त्यांच्याच केंद्रात आहे.

सगळं एका पेट स्कॅनवर का अडतं

पण केमो लागूच पडत नसेल तर? हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जात नाही, आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

आजार परत आला की थेट प्रत्यारोपण करत नाहीत. आधी आर-चॉपपेक्षा वेगळ्या औषधांच्या केमोचे दोन-तीन डोस देतात. आर-आइस, आर-डीहॅप, आर-जीडीपी अशी त्यांची नावं असतात. मग पेट स्कॅन, म्हणजे शरीरात आजार कुठे जागा आहे ते दाखवणारी तपासणी. त्यात गाठी विझलेल्या, निदान बऱ्याच मंदावलेल्या दिसल्या तर पुढे जायचं. कारण साध्या डोसाला जो लिम्फोमा भीक घालत नाही, तो मोठ्या डोसालाही सहसा घालत नाही. तण ओलं असेल तर कितीही पेंढा टाकला तरी नुसता धूर होतो.

याचा भक्कम पुरावा १९९५ साली आला. इटलीतल्या पार्मा शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत आजार परत आलेले २१५ रुग्ण होते. आधी सगळ्यांना केमो दिली. तिला प्रतिसाद देणाऱ्यांपैकी १०९ जणांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीची केमो पुढे चालू ठेवली, दुसऱ्याला मोठा डोस आणि स्वतःचा मगज दिला. पाच वर्षांनी आजार न उलटता राहिलेले पहिल्या गटात १२ टक्के होते, दुसऱ्यात ४६ टक्के. हयात असलेले अनुक्रमे ३२ आणि ५३ टक्के. तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. पण हे आकडे फक्त प्रतिसाद देणाऱ्यांचे आहेत. पुढे रिटुक्सिमॅबच्या, म्हणजे आर-चॉपमधल्या त्या अँटीबॉडीच्या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत आजार उलटलेल्यांपैकी जेमतेम निम्मेच प्रत्यारोपणापर्यंत पोहोचू शकले.

म्हणून ‘एवढा खर्च करायची तयारी आहे, तर करूनच टाका ना’ असं डॉक्टरांच्या मागे लागू नये असं मला मनापासून वाटतं. स्कॅन चांगला नसताना ते थांबवत असतील तर तो तुमच्या माणसाला वाचवण्याचाच भाग असतो.

काढणी, साठवण, पेरणी

स्टेम सेल एरवी हाडात असतात, रक्तात जवळपास नसतातच. त्यांना बाहेर यायला लावण्यासाठी जीसीएसएफची इंजेक्शनं चार-पाच दिवस पोटावर देतात. दादाची कंबर आणि छातीचं हाड ठणकायला लागलं, तेव्हा नर्स म्हणाल्या, “दुखतंय ना? चांगलंय, मगज कामाला लागलाय.” इंजेक्शनं पुरली नाहीत तर प्लेरिक्साफोर नावाचं महागडं इंजेक्शन असतं, ते हाडाला चिकटलेल्या पेशी सुट्या करतं.

मग मशीन. एका हाताच्या शिरेतून रक्त निघतं, मशीनमध्ये फिरतं, हव्या त्या पेशी गाळून एका पिशवीत जातात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत. चार-पाच तास. रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या द्रव्यामुळे कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात, मग कॅल्शियम देतात. पिशवीत जमणारा द्रव टोमॅटोच्या सारासारखा दिसत होता. शरीराच्या दर किलोमागे निदान २० लाख स्टेम सेल लागतात, ५० लाख मिळाल्या तर उत्तम. साठ किलोच्या दादाला म्हणजे किमान १२ कोटी. त्या संध्याकाळी लॅबमधून आकडा येईपर्यंत वहिनीने पाणीसुद्धा घेतलं नाही. एका दिवसात पुरेशा मिळाल्या.

या पिशवीत लिम्फोमाच्या चार पेशी आल्या तर? ही शंका रास्त आहे. म्हणूनच आजार विझल्यावरच काढणी करतात. पिशव्या गोठवून द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत जातात, उणे दीडशे अंशांच्याही खाली.

भरती झाल्यावर सहा दिवस बीम नावाची केमो चालते. कार्मुस्टिन, इटोपोसाइड, सायटाराबिन आणि शेवटच्या दिवशी मेल्फॅलान. काही ठिकाणी कार्मुस्टिनऐवजी दुसरं औषध वापरतात. मेल्फॅलानमुळे तोंड आणि घसा सोलवटतो. त्यावरचा उपाय इतका साधा आहे की खरा वाटत नाही: औषध चालू असताना बर्फाचे खडे चघळायचे. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी पोहोचतं. वहिनी थर्मासचं झाकण भरून भरून देत होती आणि दादा कटाकटा बर्फ खात होता.

दुसऱ्या दिवशी ‘डे झिरो’, शून्य दिवस. खोलीबाहेर ३७ अंश कोमट पाण्याच्या भांड्यात पिशवी वितळवली आणि सेंट्रल लाइनला, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीला जोडली. वीस मिनिटांत संपली. रक्त चढवतात तसंच. खोलीभर लसणासारखा, जरा गोडसर वास पसरला. गोठवताना पेशी फुटू नयेत म्हणून घातलेलं डीएमएसओ श्वासातून बाहेर पडतं, त्याचा तो वास. एक-दोन दिवस राहिला. मी काचेबाहेर उभी होते, आणि एवढंच का, असं मनात आलं.

रक्तात सोडलेल्या या पेशी स्वतःच वाट काढत हाडात जाऊन बसतात. त्यांना कुणी दाखवून द्यावं लागत नाही.

मधले दिवस

खरा कसोटीचा काळ यानंतरचा. राब भाजून झालाय, बी पडलंय, आणि अजून काही उगवलेलं नाही. पांढऱ्या पेशी, ज्या एरवी ४,००० ते ११,००० असतात, त्या १०० वर येतात. साधा जंतूही तेव्हा जिवावर बेततो. त्यामुळे गाळलेल्या हवेची खोली, मास्क, हात धुणं, ताज्या शिजवलेल्या अन्नाशिवाय काही नाही. कच्ची कोशिंबीर नको, फुलं नकोत, मातीची कुंडी नको. आईने पाठवलेला अंगारा आम्ही दाराबाहेरच ठेवला, आणि तिला फोनवर समजावलं तेव्हा तिने ऐकलं. ताप बहुतेकांना येतोच, आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू करतात. जुलाब, उलट्या, गिळता न येणं, केस जाणं हेही ओघाने. या उपचारात शंभरातले काही थोडे रुग्ण आजाराने नव्हे, तर उपचारानेच दगावतात. डॉक्टरांनी हे सहीच्या आधी स्पष्ट सांगितलं होतं, आणि ते सांगायलाच हवं.

गावाहून मगज द्यायला निघालेल्या माणसांची गरज इथे लागली. प्लेटलेटसाठी. एका दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटला एसडीपी म्हणतात, आणि दादाला त्या चार वेळा लागल्या. पण सख्ख्या नातेवाइकांना डॉक्टरांनी थांबवलं. पुढे कधी त्यांच्यापैकी कुणाचा मगज घ्यायची वेळ आली, तर आधी त्यांचंच रक्त चढलेलं असणं अडचणीचं ठरतं. शेवटी चाळीच्या गणपती मंडळातली मुलं आली. हे रक्त देण्याआधी त्याला किरण देतात का, हेही विचारून घ्यावं.

कालनिर्णयच्या मागच्या पानावर वहिनी रोज काउंट लिहायची. शंभर. शंभर. शंभर. दोनशे. अकराव्या दिवशी सहाशे. साधारण दहा ते चौदा दिवसांत हे होतं. न्यूट्रोफिल या लढाऊ पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की मगजाने मूळ धरलं असं मानतात.

दुसऱ्याचा मगज कधी

काकांची तयारी अगदीच अस्थानी नव्हती. स्वतःच्या पेशींनी केलेल्या प्रत्यारोपणानंतरही लिम्फोमा उलटला, किंवा टी सेल या लिम्फोसाइटच्या एका जातीच्या लिम्फोमाचे काही प्रकार असले, तर दात्याच्या पेशी घेतात. त्याला ॲलोजेनिक म्हणतात. तिथे मात्र नवीन पेशी खरोखर लढतात: दात्याची प्रतिकारशक्ती लिम्फोमाला परकं समजून मारते. पण तीच रुग्णाच्या त्वचेला, यकृताला, आतड्यालाही परकं समजू शकते, आणि तो त्रास जिवावर उठू शकतो. म्हणून धोका बराच जास्त. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील आणि मुलं अर्धी जुळतात, आणि अर्ध्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होतं.

आणखी एक वाट गेल्या काही वर्षांत उघडली. रुग्णाच्या टी पेशी काढून, प्रयोगशाळेत त्यांना लिम्फोमा ओळखायला शिकवून परत देतात, ती कार-टी. आर-चॉपला न जुमानणाऱ्या किंवा वर्षाच्या आत उलटलेल्या ३५९ रुग्णांच्या एका चाचणीत दोन वर्षांनी आजार न बळावलेले कार-टी गटात ४१ टक्के होते, प्रत्यारोपणाच्या वाटेने गेलेल्या गटात १६. त्यामुळे लवकर उलटलेल्या आजारात जिथे परवडतं तिथे कार-टी पुढे आली. वर्षानंतर उलटलेला आणि केमोला दबणारा आजार, दादासारखा, अजूनही बऱ्याचदा प्रत्यारोपणाकडेच जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या देशी कार-टीला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. परदेशी किमतीच्या मानाने ती खूप स्वस्त आहे, तरी लाखांतच.

पैशांचं एकच सांगते. कर्ज काढण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा फुले योजना, मुख्यमंत्री आणि पंतप्रधान निधी, कुठले ट्रस्ट, कुठला अर्ज आधी, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. आम्ही तिथे उशिरा गेलो. आणि मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवण्याबद्दल केमोच्या आधी विचारा. लाजेपोटी हे मागे राहतं आणि नंतर उपाय उरत नाही.

घरी आल्यावर

पहिले शंभर दिवस जपायचे. गर्दी नाही, कबुतरांची विष्ठा साचलेली गच्ची नाही, घरात रंगकाम किंवा तोडफोड नाही. नागीण होऊ नये म्हणून गोळ्या साधारण वर्षभर. थकवा मात्र सगळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त टिकतो. दादा दोन जिने चढून पायरीवर बसायचा, आणि लोक म्हणायचे, बरा झालास ना आता?

मोठ्या केमोने लहानपणापासूनच्या लशींची आठवणही पुष्कळशी पुसली जाते. त्यामुळे साधारण सहा महिन्यांनंतर लसीकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं: धनुर्वात, घटसर्प, पोलिओ, न्यूमोनिया, हिपॅटायटिस. लस टोचून घ्यायला दादा गेला तेव्हा रांगेत पुढे-मागे तान्ही बाळं होती, आणि नर्सने त्याच्या नावाचं तसंच कार्ड केलं. गोवराची लस जिवंत विषाणूची असल्याने ती दोन वर्षं झाल्याशिवाय देत नाहीत. ती पुढच्या मार्चमध्ये आहे. वहिनीने कालनिर्णयवर खूण करून ठेवली आहे.